'नो-गो' आत जात होतं, मला कुणी सांगितलं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गेले काही महिने मालक लोकांसाठी आणि कंपन्यांतल्या मोठ्या साहेबांसाठी लीडरशिपवर लेख येतायत. आमच्या भोसरीत सुट्टी गुरुवारी असते, रविवारी काम चालू, त्यामुळे पुरवणी मी शॉपवरच वाचतो, सकाळच्या चहाबरोबर, आणि खोटं कशाला बोलू, संध्याकाळपर्यंत त्यातलं निम्मं विसरलेलो असतो. व्हिजन ठेवा, टीमला प्रेरणा द्या, मोठं स्वप्न बघा, सगळं मान्य आहे. पण मी बावीस वर्षं मशीन शॉप चालवतोय, सहा सीएनसी, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशिनं), तीन शिफ्टचे मिळून अडतीस लोक, आणि मला आजवर जो मार बसलाय तो स्वप्न छोटं होतं म्हणून नाही बसला. शॉपमधल्या चार लोकांना जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून बसला. या विषयावर पुरवणीत एकदाही काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा.

झालं असं होतं. आमच्याकडे एका कंपनीचा हाऊसिंगचा, म्हणजे बेअरिंग बसतं त्या घराचा, जॉब चालतो, त्यात ३२ मिलिमीटरचा बोअर म्हणजे गोल भोक आहे, एच७, म्हणजे वर फक्त २५ मायक्रॉनची सवलत. ज्यांना मायक्रॉनचं गणित नाही त्यांच्यासाठी, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. तर नाईट शिफ्टला इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं पातं, घासला, पोराने नवीन इन्सर्ट लावला, पण जुना इन्सर्ट झिजत होता तेव्हा ती झीज भरून काढायला मशीनला दिलेला ऑफसेट तसाच राहिला. नवीन इन्सर्ट आणि वर जुना ऑफसेट, मग बोअर मोठा जाणारच. ही चूक कुठल्याही शॉपमध्ये होते, माझ्या हातून मी स्वतः मशीनवर उभा असायचो तेव्हा चिक्कार वेळा झालीये. पोराला थोड्या वेळाने कळलंसुद्धा, कारण प्लग गेजची (भोक तपासायच्या दांड्याची) नो-गो बाजू, म्हणजे भोक बरोबर असेल तर आत जायलाच नको ती बाजू, सरळ आत जायला लागली. त्याने ऑफसेट दुरुस्त केला आणि पुढचे पीस व्यवस्थित काढले.

पण मधले जे गेले होते ते? ते किती होते हे त्याला नक्की माहीत नव्हतं आणि ते चांगल्या पीसमध्ये मिसळलेले होते, एकाच ट्रॉलीत. सकाळी त्याने सुपरवायझरच्या कानावर घातलं. सुपरवायझर म्हणाला, राहू दे, असेंब्लीत बसतंय ते, दोन-चार पीस असतील. आमच्याकडे डिस्पॅचच्या आधी लॉटमागे पाच पीस चेक व्हायचे तेव्हा, आणि ते पाच वरचे, हाताला येतील ते. टेम्पो गेला. १,२४० पीसचा लॉट. चौथ्या दिवशी कस्टमरच्या लाइनवर बेअरिंग सैल बसायला लागलं आणि तिसऱ्या तासाला मला फोन आला, तो फोन मी जन्मात विसरणार नाही.

सगळा लॉट परत. त्यांच्या आवारात आमची माणसं बसवून एकेक पीस गेजने तपासला, दोन दिवस. खराब किती निघाले माहितीये? १८६. पीसला १४० रुपये धरले तरी सव्वीस हजाराचा माल. हेच मला त्या दिवशी सकाळी सात वाजता कळलं असतं तर ट्रॉली बाजूला ओढून आपल्याच शॉपमध्ये अर्ध्या दिवसात निवडून काढले असते, सव्वीस हजार गेले असते, दोन शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. प्रत्यक्षात सॉर्टिंग, लाइन बंद राहिल्याचे पैसे, गाडीभाडं सगळं धरून डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून कापायच्या पैशांची चिठ्ठी, आली २ लाख ८४ हजाराची. वर व्हेंडर रेटिंग घसरलं, एट-डी रिपोर्ट (चूक का झाली, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार) भरा, मीटिंगला या, उभं राहून ऐका. चूक सव्वीस हजाराचीच होती हो. बाकीचे अडीच लाख त्याला कळलं आणि मला कळलं याच्या मधल्या चार दिवसांचे.

तर मी त्या पोराला केबिनमध्ये बोलावलं. परभणीकडचा पोरगा, आयटीआय केलेला, कामाला चांगला. विचारलं, अरे मला एक फोन करायचा ना. तो खाली बघत राहिला. दोनदा विचारल्यावर म्हणाला, "साहेब, मागच्या सोमवारी तुम्ही त्या बीडवाल्याला सगळ्यांसमोर काय बोललात ते ऐकलं होतं."

मागच्या सोमवारी काय झालं होतं ते मला आठवायला वेळ लागला, हे जास्त वाईट. एका ऑपरेटरने शंका आली म्हणून मशीन चाळीस मिनिटं बंद ठेवलं होतं, शंका खोटी निघाली, आणि त्या दिवशी माझा बँकेचा हप्ता होता, पेमेंट आलं नव्हतं, मी खाली उतरून त्याला फाडून खाल्लं. चाळीस मिनिटं! तुझ्या बापाचं मशीन आहे का! असलं काहीतरी. मी बोललो आणि वर जाऊन विसरलो, पण शॉपमधले अडतीसही जण ते विसरले नव्हते. बोलायची सोय राहिली नाही हे त्यांना त्या दिवशी कळलं, मला चार दिवस आणि पावणेतीन लाख रुपये खर्च करून कळलं. सुपरवायझरसुद्धा 'राहू दे' म्हणाला तो काय आळशी होता म्हणून नाही, मशीन बंद केलं की साहेब पेटतात हा धडा मीच दिलेला.

आता ज्यांना वाटतं की हे भोसरीतल्या छोट्या मालकाचं रडगाणं आहे, मोठ्या कंपन्यांत सिस्टिम असते, त्यांच्यासाठी एक मोठी गोष्ट सांगतो. आमच्या काही जॉबमध्ये ओ-रिंगची खाच असते, ओ-रिंग म्हणजे साधी रबराची गोल रिंग, दोन भागांच्या मधून तेल नाहीतर गॅस गळू नये म्हणून. अमेरिकेचं चॅलेंजर नावाचं अंतराळयान २८ जानेवारी १९८६ ला उडालं आणि ७३ व्या सेकंदाला त्याचे तुकडे झाले, सात माणसं गेली, त्यात एक शाळेतली शिक्षिका होती. कारण ती ओ-रिंगच. थंडीत रबर कडक होतं, पटकन फुगून फट बुजवत नाही. आणि हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही! आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर फोनवरच्या मीटिंगमध्ये नासाला सांगत होते की ५३ फॅरनहाइट म्हणजे आपल्या १२ डिग्रीच्या खाली उडवू नका, आमच्याकडे त्याखालचा अनुभव नाही. नासाचे लोक वैतागले. कंपनीने थोडा वेळ मागितला, फोन बाजूला ठेवून आपापसात बसले, आणि तिथे कंपनीच्या एका मोठ्या साहेबाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची टोपी घाल. त्याने घातली. कंपनीने परत फोनवर येऊन सांगितलं, उडवा. सकाळी उडवलं तेव्हा हवा २ डिग्रीच्या आसपास होती.

नंतर चौकशी कमिशन बसलं, त्यात रिचर्ड फाइनमन नावाचे नोबेलवाले शास्त्रज्ञ होते. त्यांनी टीव्हीसमोर त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि दाखवलं की थंड झाल्यावर हे परत मूळ आकाराला लगेच येत नाही. तो प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. मला त्याहून दुसरी गोष्ट लागली. फाइनमननी चौकशीत विचारलं की यान फुटायची शक्यता किती, तर खाली काम करणारे इंजिनिअर म्हणायचे साधारण शंभरात एक, आणि वरचे मॅनेजर म्हणायचे एक लाखात एक. एकच यान, एकच नट-बोल्ट, आणि जिना चढता चढता आकडा हजारपट गोड झाला. आमच्याकडे 'दोन-चार पीस असतील' म्हणून तेच झालं होतं की, १८६ चे दोन-चार.

उलट उदाहरण टोयोटाचं. टोयोटाचं नाव घेतलं की आपल्याकडचे कन्सल्टंट लगेच फाइव्ह-एस (शॉप नीटनेटकं ठेवायची पद्धत) आणि पिवळे पट्टे चालू करतात, जमिनीवर पट्टे मारून जातात, बिल देतात. मुळात ती कंपनी मागाच्या धंद्यातून आली. माझं आजोळ इचलकरंजीचं, तिथे १९०४ पासून यंत्रमाग आहेत, त्यामुळे हे मला जास्त कळतं. आजोबांच्या कारखान्यात साधे माग होते, ताण्याचा एक धागा तुटला तरी माग खटखट खटखट चालूच राहायचा, विणकराचं लक्ष गेलं तर ठीक, नाहीतर कापडात लांबच लांब रेघ. आजी म्हणायची मागवाल्याला चार डोळे पाहिजेत. साकिची टोयोडांनी जो स्वयंचलित माग केला त्यात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. एवढंच. त्या मागाचे हक्क १९२९ ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले, आणि तीच 'बिघडलं की थांब' ही अक्कल पुढे त्यांच्या मुलाने काढलेल्या गाड्यांच्या कारखान्यात गेली. लाइनवर डोक्याच्या उंचीवर दोरी असते, कुठल्याही कामगाराला काही चुकीचं दिसलं की त्याने ती ओढायची, टीम लीडर पळत येतो, ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर लाइन थांबते. आणि ओढली म्हणून कुणी बोलत नाही, उलट कुणी ओढतच नसेल तर तिथला साहेब काळजीत पडतो.

लोक म्हणतात ते जपानी आहेत, त्यांचं रक्तच वेगळं, आपल्या पोरांना काय दोऱ्या देताय. मग कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं बघा. तिथे जनरल मोटर्सचा कारखाना होता, नुसती बोंब, दांड्या, दारू, युनियनची रोजची भांडणं, गाड्यांची क्वालिटी तर विचारू नका, शेवटी १९८२ ला बंद केला. आणि तिथे एक नियम पक्का होता की लाइन कधीही थांबवायची नाही, दार उलटं बसलं तरी गाडी पुढे जाऊ दे, मागे अंगणात बघू. १९८४ ला जीएम आणि टोयोटाने मिळून तोच कारखाना परत चालू केला, कामगार बहुतेक तेच, युनियन तीच. काही लोकांना जपानला नेऊन शिकवलं, आणि हातात दोरी दिली. थोड्याच दिवसांत तिथल्या गाड्यांची क्वालिटी जीएमच्या सगळ्या कारखान्यांत वरची मोजली जायला लागली. रक्त कुठलं बदललं? (तो कारखाना २०१० ला बंद झाला आणि आता तिथे टेस्ला गाड्या बनवते, पण ती वेगळी गोष्ट.) गंमत म्हणजे जीएमला हे सगळं आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर दिसत होतं तरी बाकीच्या कारखान्यांत ते उतरवता उतरवता वर्षानुवर्षं गेली. कारण दोऱ्या लावणं सोपं होतं. पण ओढल्यावर न ओरडणारे साहेब कुठून आणायचे? ते स्टोअरमध्ये मिळत नाहीत.

हे वाचून मला काही एकदम साक्षात्कार झाला असं समजू नका. मी काय केलं ते सांगतो, हसू नका. एक लाल पेटी आणली, टूल क्रिबशेजारी, म्हणजे हत्यारांच्या खोलीशेजारी, ठेवली, आणि सांगितलं की ज्याला पीसबद्दल शंका आहे त्याने तो यात टाकायचा आणि बाजूच्या फळ्यावर खडूने वेळ लिहायची, नाव नको. मी मिटींग घेतली, भाषण केलं, चांगलं झालं असं मला वाटलं. पहिले सतरा दिवस त्या पेटीत पडलं काय? गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप, आणि एकदा केळ्याची साल. एकही पीस नाही. म्हणजे सतरा दिवस माझ्या शॉपमध्ये एकही शंका आली नाही म्हणायची! विश्वास कुणाचा नव्हता. का ठेवावा, सोमवार सगळ्यांच्या लक्षात होता.

मग अठराव्या दिवशी माझीच भानगड झाली. ड्रॉइंगला ईएन१९ जातीचं पोलाद होतं आणि मी घाईत ईएन८ चा बार मागवला, ८०० किलो, आणि मटेरियल उतरल्यावर स्टोअरवाल्याने बघितलं. पूर्वीचा मी असतो तर सप्लायरवर ढकललं असतं, तशी सोय होती, पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, फोनवर दिलेली होती. पण कधी कधी बुद्धी होते माणसाला. मी खाली आलो आणि फळ्यावर खडूने लिहिलं, साहेबांची चूक, चुकीचं मटेरियल मागवलं, ८०० किलो, वेळ सकाळी ११. आणि त्या बारचा एक तुकडा पेटीत टाकला. सगळं शॉप बघत होतं. कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, मीपण हसलो, दुसरं काय करणार.

त्याच आठवड्यात पेटीत पहिला पीस पडला. अप्रेंटिस मुलगी होती एक, तिने टाकला, फेस रनआउटची, म्हणजे पीसचं तोंड सरळ फिरत नसल्याची, शंका होती. शंका खोटी निघाली, मशीन पंचवीस मिनिटं बंद राहिलं. मी खरं सांगतो, आतून माझी कानशिलं तापली होती, पंचवीस मिनिटांचे पैसे मला तोंडपाठ असतात. पण मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो, बरं केलंस विचारलंस, आणि चहा सांगितला. अख्खं शॉप माझ्या तोंडाकडे बघत होतं, पीसकडे कुणी बघत नव्हतं.

आणखी एक सवय मुद्दाम लावून घेतली. पूर्वी काही बिघडलं की माझ्या तोंडातून पहिला शब्द निघायचा, "कुणी केलं?" आता मी पहिल्यांदा विचारतो, "किती झालेत आणि कधीपासून?" कुणी केलं विचारलं की बारा माणसं बारा गोष्टी सांगतात आणि खरा आकडा संध्याकाळपर्यंत मिळत नाही. किती झालेत विचारलं की पाच मिनिटांत मिळतो. इन्सेंटिव्हमधून रिजेक्शनचे पैसे कापायचो तेही बंद केलं. पूर्वी कापायचो, कबूल करतो, आणि आता कळतं की लपवण्याचा पगार मीच देत होतो. फार कशाला, डेमिंग नावाचे अमेरिकन गृहस्थ, ज्यांनी १९५० पासून जपान्यांना क्वालिटी शिकवली, त्यांचे मॅनेजमेंटला सांगितलेले चौदा मुद्दे प्रसिद्ध आहेत, त्यातला आठवा मुद्दा आहे कामाच्या जागेवरची भीती घालवा. आमच्या ऑडिटला येणारे लोक बाकी तेरा विचारतात.

मित्र म्हणतात, मग शिस्त गेली का बोंबलत? उद्या कुणी पण चुका करेल आणि पेटीत टाकून मोकळा होईल. तसं होत नाही. चूक करून सांगणाऱ्याला मी काही करत नाही, पण दोन गोष्टींना माझ्याकडे माफी नाही. एक, माहीत असून लपवलं तर. दुसरी, मशीनचं गार्ड काढून काम केलं तर, मग कितीही प्रॉडक्शन दे, कितीही जुना अस. बोट गेलेली माणसं मी बघितलीयेत, ते बोट पेटीत टाकून परत येत नाही.

आता या पत्राचा खरा रोख. तुमची पुरवणी मोठ्या कंपन्यांतले परचेस हेड, प्लांट हेड, डायरेक्टर वाचतात असं तुम्ही जाहिरातीत म्हणता, तर त्यांना विचारायचंय. साहेब, मी माझ्या ऑपरेटरशी जसा वागत होतो तसंच तुम्ही माझ्याशी वागता की नाही? व्हेंडरने स्वतःहून फोन करून सांगितलं की लॉटमध्ये गडबड वाटतेय, थांबवा, तर त्याला काय मिळतं? एक एनसीआर (माल नापास झाल्याची नोंद), रेटिंगमध्ये मायनस, आणि पुढच्या मीटिंगमध्ये पडद्यावर लाल रंगात नाव. न सांगता पाठवलं आणि खपून गेलं तर काय मिळतं? काहीच नाही, हिरवा रंग. मग तुम्हीच सांगा व्हेंडर काय शिकतो.

पेमेंटचं तर बोलायलाच नको. कायदा आहे, २००६ चा एमएसएमई कायदा, मायक्रो आणि स्मॉलवाल्यांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रारीसाठी २०१७ पासून समाधान पोर्टल आहे, फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. २०२३ च्या बजेटमध्ये आणखी पाचर मारली की मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च टॅक्समध्ये धरता येणार नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी धरा. कागदावर याच्याहून मजबूत काय पाहिजे? पण माझ्या ओळखीतल्या एकाही छोट्या मालकाने चालू कस्टमरविरुद्ध तक्रार टाकलेली मला माहीत नाही. टाकतात ते धंदा तुटल्यावर टाकतात. ते टॅक्सचं आलं तेव्हा दोघा ओळखीच्यांना तर कस्टमरकडून प्रेमाने विचारणा झाली की तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोटा उद्योग असल्याची सरकारी नोंद) काढून टाकता येईल का. एकाने काढलं.

तक्रार का करत नाही? माझ्या त्या परभणीच्या पोराने मला फोन का केला नाही, त्याच कारणासाठी. मग तुमच्या वर्षाच्या व्हेंडर मीटमध्ये, हॉटेलात, पनीर टिक्का खात आम्ही सगळे 'नो इश्यूज सर' म्हणतो आणि तुम्ही वर बोर्डाला सांगता की आमचे व्हेंडर खूश आहेत. तो आकडा पण जिना चढताना गोड झालेला असतो हे लक्षात असू द्या.

मालक लोकांनी तीन-चार हजार भरून बॉलरूममधल्या त्या प्रेरणेच्या शिबिरांना जावं का, तर जावं, मीपण एकदा गेलोय, निखाऱ्यावर चालवत नाहीत आता पण टाळ्या वाजवून उड्या मारायला लावतात, गुडघे दुखले दोन दिवस. तिथे शेवटी प्रत्येकाला पुढच्या पाच वर्षांचं टार्गेट लिहायला लावलं. त्याऐवजी 'गेल्या महिन्यात मला कुठली वाईट गोष्ट सगळ्यात शेवटी कळली' एवढं एक लिहायला लावलं असतं तर हॉलमध्ये जरा शांतता झाली असती. संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत असं सदर काढता येईल का? यशाच्या कथा भरपूर झाल्या. नाव छापू नका, कंपनी छापू नका, नुसतं काय चुकलं, खाली कुणाला कधी कळलं आणि वर कधी कळलं, एवढंच छापा. पहिला लेख मी देतो, म्हणजे हाच समजा.

आता तुम्ही म्हणाल की तुमचं सगळं सुरळीत झालं असेल. झालंय थोडं. गेल्या महिन्यात रात्री सव्वादोनला फोन वाजला, तोच परभणीवाला. म्हणाला, साहेब, गेज दोन वेळा आत गेला, ट्रॉली बाजूला काढलीये, साठ-एक पीस असतील, सकाळी टेम्पो सोडू नका. मी म्हटलं बरं. झोप काही परत लागली नाही, पण ती वेगळ्या कारणाने, सकाळी कस्टमरला कळवायचं की नाही यावर माझं माझ्याशीच भांडण चालू होतं. आदल्या दिवशी गेलेल्या मालात पण त्यातले पाच-दहा असू शकत होते. कुणाच्या लक्षात आलं नसतं कदाचित.

सकाळी आठला मेल टाकला, सगळं खरं लिहून, कुठला लॉट, किती पीस, कधीपासून, आमची माणसं सॉर्टिंगला पाठवतो. अकराला उत्तर आलं. आभार वगैरे नव्हते, एनसीआर नंबर होता आणि खाली डेबिट नोट, एकोणीस हजार चारशे. पीसबरोबर सॉर्टिंगचा चार्ज पण लावलाय, आमचीच माणसं बसली होती तरी. त्याच कस्टमरकडे माझं आधीचं बिल अडकलंय, आज ७१ वा दिवस आहे. त्याचा फोन मी अजून केलेला नाही.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे
(नाव कृपया छापू नये, कारण वर लिहिलंच आहे)